कापाया का पाळाया

कोंडाबाईनं मला फसवलं. सात शेळ्यांच्या सौद्यात, माझ्याच दारात, माझ्याच मुलीच्या वाढदिवसाला, भोरच्या बाजारातल्या वजनदार माणसांसमोर फसवलं. आणि फसवताना तोटा तिनं स्वतःचा करून घेतला, त्यामुळे माझ्या बाजूनं बोलायला आजवर कुणी उभं राहिलेलं नाही. ज्याचा फायदा झाला तो फसला कसा, असं लोक मलाच विचारतात. लोकांना व्यवहारातलं काही कळत नाही.

कोंडाबाई धनगर. आमच्या गुंजवण्याच्या वर, राजगडाच्या उतारावर दहा-बारा खोपटांची वाडी होती, तिथली. नवरा कधीच वारलेला, मूलबाळ नाही. बुटकी, काळी, पावसाळा असो की उन्हाळा खांद्यावर घोंगडी, कपाळावर बिरोबाचा भंडारा. भंडारा म्हणजे त्यांच्या देवाची हळद. ती कमरेच्या पिशवीत कायम असायची. धारा काढून काढून हाताची बोटं अशी झाली होती की तिनं मनगट धरलं तर गडीमाणूस वाकायचा.

ती सगळ्यांना अरे-तुरे करायची. एकदा संस्थानचा कुणी अंमलदार घोड्यावरून वाडीपाशी आला आणि घोड्यावर बसूनच त्यानं दूध मागितलं. कोंडाबाई चरवी हातात धरून तशीच उभी राहिली. म्हणाली, "उतर लेकरा खाली. दूध वर चढत न्हाई." तो उतरला. हे मी ऐकीव सांगत नाही, मी त्या वेळी बोकडांचा भाव करत तिथंच बसलो होतो. मला तेव्हा हसू आलं. ती माणसाला कशी खाली उतरवते, हे तेव्हाच ध्यानात घ्यायला पाहिजे होतं.

माझी हकिगत थोडक्यात सांगतो, कारण मुद्दा माझा नाही. आईबाप लहानपणी गेले. गुळाच्या ढेपा डोक्यावर घेऊन वरंध घाट उतरलो, येताना मीठ घेऊन चढलो. अशी सहा वर्षं काढली. मग एक बोकड घेतला, विकला, दोन घेतले. तिशी उलटायच्या आत भोरच्या बाजारात शेळ्या-मेंढ्यांचा दलाल म्हणून लोक ओळखायला लागले. ओळखायला लागले एवढंच. तिथले चार जुने दलाल पानाचं तबक फिरवायचे ते माझ्यापाशी येऊन थांबायचं आणि माघारी जायचं. "आप्पा काय, घाटातला हमाल," असं माझ्यादेखत म्हणायचे. हे मी विसरलो नव्हतो.

आमच्या धंद्यात भाव तोंडानं करत नाहीत. रुमालाखाली हात घालायचा, एकमेकांची बोटं दाबायची. बाजूच्याला पत्ता लागत नाही. आता बाईमाणसाबरोबर रुमालाखाली हात कसा घालायचा? मी पहिल्यांदा तिच्याकडं गेलो तेव्हा अडलो. सोबतचे हसायला लागले. कोंडाबाईनं खांद्यावरच्या घोंगडीचं टोक पुढं केलं आणि म्हणाली, "घाल हात. तुझ्या आईच्या वयाची हाय म्या. लाजतोस कशापायी?"

मी हात घातला. तिनं बोटं दाबून भाव सांगितला. मी कमी सांगितला. तिनं पुन्हा तोच सांगितला आणि माझी बोटं सोडलीच नाहीत. मी ओढतोय, ती धरून बसलीय, वर चेहऱ्यावर काही नाही, तोंडानं वाडीतल्या कुणाच्या तरी लग्नाचं बोलतेय. शेवटी बोटं सुटावीत म्हणून मी सौदा कबूल केला. असला व्यवहार मी दुसऱ्या कुणाशी केलेला नाही.

जनावर विकताना ती त्याचे गुण सांगत नसे. सगळ्या खोडी सांगायची. "ही लाथ मारती. ही दोरी चावती. हिला सांजंला एकटं ठिवलं की रातभर वरडती." गिऱ्हाईक ऐकायचं आणि मुकाट्यानं मागेल तो भाव द्यायचं, कारण न सांगितलेली खोड निघणार नाही याची खात्री. हे पाहून मीही एका बाजारी तसं केलं. "हा बोकड जरा मारका आहे," म्हणालो. गिऱ्हाईक शेजाऱ्याला म्हणालं, "आप्पा सवताच्या तोंडानं मारका म्हनतोय, म्हंजे ह्यानं मानूस मारलेला असनार." आणि निघून गेलं.

पण तिची खरी रीत निराळीच होती. सौद्याआधी ती प्रत्येकाला एकच विचारायची, "कापाया का पाळाया?" कापायला न्यायचं असेल तर दीडपट भाव. पाळायला असेल तर पुष्कळ उतरायची. मी एकदा म्हणालो, "जनावर तेच, भाव दोन कसे?"

"जीव जायाचा तर त्याची किंमत नगं का?" ती म्हणाली. यात तिला काही मोठं बोलल्यासारखं वाटत नव्हतं. कापायला तिची ना नव्हती. ती स्वतः मटण खायची, आवडीनं खायची. फक्त भाव निराळा.

आता मी धंद्यातला माणूस. मी दर वेळी "पाळायला" म्हणायचो आणि दुसऱ्या दिवशी भोरला खाटकाला विकायचो. आठ वर्षं हे चाललं. एकदा तिनं विचारलं, "आप्पा, एवढी जनावरं पाळाया न्येतोस, ती असत्यात कुठं रं?"

"किकवीला. भावाच्या रानात."

"तुला भाऊ कवा झाला?"

"मानलेला आहे."

"बरं," ती म्हणाली. मला वाटलं, म्हातारी भोळी आहे.

तर वाढदिवस. आमच्यात तेव्हा पोरांचे वाढदिवस करायची चाल नव्हती, मुलीचा तर नव्हताच. फार तर आई कपाळाला कुंकू लावून ओवाळणार. पण मला चार मुलं होऊन गेली होती आणि एकटी सोनी राहिली होती. तीही आदल्या वर्षी हिवतापानं चाळीस दिवस अंथरुणाला खिळलेली. त्या चाळीस दिवसांत तिच्या पोटात दुसरं काही ठरत नव्हतं. कोंडाबाई रोज उतार उतरून तांब्याभर शेळीचं दूध आणून द्यायची. दुधाचा भाव काय म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, "पोरगी उटंल तवा करू." पोरगी उठली. भाव तिनं केलाच नाही. असल्या माणसाशी व्यवहार अवघड असतो, कारण आपण देणं लागतो की नाही हेच कळत नाही.

सोनीला कार्तिक वद्य पंचमीला सात वर्षं पुरी होणार होती. संस्थानिकांच्या वाड्यात वाढदिवसाला साखर वाटतात, तर मी का बोकड घालू नये? मी भोरला जाऊन त्या चारही दलालांना आवतण दिलं. पोरीच्या सात वर्षांना सात बोकड, असं सांगितलं. दोन गावच्या पाटलांना सांगितलं. गावोगाव हिवतापाच्या कोयनेलच्या गोळ्या वाटत फिरणारा एक कारकून होता, त्यालाही सांगितलं. त्याची फेरी त्याच सुमारास आमच्या खोऱ्यात होती. "वरच्या धनगरवाडीलाही जायचंय, चढ मोठा आहे," म्हणून तो कुरकुरत होता. मी म्हणालो, "पंचमीला माझ्याकडं जेवा, मुक्काम करा, सकाळी ताज्या दमानं चढा." तो खूश झाला. त्याच्याजवळ गोळ्यांचा पत्र्याचा डबा होता, तो त्यानं थोपटला.

त्या साली ताप भयंकर होता. भात कापणीला आलेलं आणि घराघरात माणसं घोंगड्या पांघरून थरथरत पडलेली. मी ते बघत होतो, नव्हतो असं नाही. पण ताप दर साली येतो आणि चार दलाल दर साली घरी येत नाहीत.

मी वाडीवर गेलो. "सात जनावरं पाहिजेत, पंचमीला सकाळी."

"कापाया का पाळाया?"

"पाळायला."

कोंडाबाईनं माझ्याकडं बघितलं. मग कमरेची पिशवी सोडून चिमूटभर भंडारा माझ्या तळहातावर ठेवला. "कपाळाला लाव आन् सांग." आठ वर्षांत तिनं हे कधी केलं नव्हतं. मी लावला आणि म्हणालो, "पाळायला." मग घोंगडीखाली हात घालून मी तिला इतकं खाली आणलं की मलाच आश्चर्य वाटलं. या खेपेला तिनं बोटं आवळली नाहीत. ढिली ठेवली. मी उतार उतरताना शीळ घालत होतो.

पंचमीला सकाळी गळ्यातल्या घंटा वाजवत सात जनावरं माझ्या अंगणात आली. सातही दुभत्या शेळ्या. कासा भरून आलेल्या, दोघींच्या मागं करडं. खाटीक सुऱ्या परजून बसला होता. त्यानं एकवार बघितलं आणि सुऱ्या फडक्यात गुंडाळल्या.

"दुभती शेळी म्या कापनार न्हाई, आप्पा. पाच पिढ्यांत कुनी कापली न्हाई. तुमाला कापायची तर कापा."

मी कोंडाबाईवर धावून गेलो. "बोकड कुठं आहेत?"

"बोकूड कोन पाळाया न्हेतं?" ती शांतपणे म्हणाली. "पाळाया म्हनलास, तर पाळाया जोगी आनली. माझ्या खांडातली निवडून आनली. पिळून बघ, एक बी आटलेली न्हाई."

"या शेळ्यांचा भाव दुप्पट आहे! एवढ्यात कशा दिल्यास?"

"मग वरडतोस कशापायी? सस्तात मिळाल्या."

 मी खोटं बोललो होतो असं सांगायचं तर कपाळावर भंडारा लावून बोललो होतो, आणि तेवढ्यात भोरची गाडी वाकणावरून दिसायला लागली होती. गाडीत चार दलाल बसलेले. घरातून बायको म्हणाली, "वरडून काय मटान शिजत न्हाई. डाळीचं पीठ हाय, पिठलं टाकते. भात हाय, गूळ हाय."

"पिठलं? भोरच्या लोकांना पिठलं?"

"मग त्यांस्नी बी वरडून बघा."

माणसं बसली. हात धुतले. मी काहीबाही सांगत होतो, खाटकाला ताप आला म्हणून. खाटीक ओट्यावर बसून तंबाखू मळत होता. गेलेली पत कशी सावरावी हे मला सुचेना. सोनी नवं परकर-पोलकं घालून पाटावर बसली, आईनं ओवाळलं. तेव्हा मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "माग पोरी. आज तुझा दिवस. काय मागायचं ते माग, दिलं!"

उभ्या आयुष्यात समोरच्यानं काय मागितलं हे ऐकायच्या आधी मी "दिलं" म्हणालेलो नाही. त्या दिवशी म्हणालो.

"ह्या शेळ्या मला?" सोनीनं विचारलं.

"दिल्या!"

"वा आप्पा," एक दलाल म्हणाला.

"मग पांढरी गेनूकाकाच्या दारात बांधू?" सोनी म्हणाली. "काकू तापलीय. तिला दूधच येत न्हाई आन् बाळ नुसतं रडतंय. लंगडती हाय ती सीताआजीच्या दारात. तिला भाकर गिळवत न्हाई." असं करत तिनं बोटांवर घरं मोजली. आठ भरली. ती थांबली आणि कोंडाबाईकडं बघून म्हणाली, "एक घर उरतंय."

"त्याचं म्या बघते," कोंडाबाई म्हणाली.

"तुला हे कुणी शिकवलं?" मी सोनीला विचारलं. मला वाटलं, म्हातारीनं पढवलंय.

सोनीला प्रश्नच कळला नाही. "म्या आजारी व्हते तवा माझ्यासाठी दूध यायचं. त्यांच्याकडं कुठनं येनार?" ती म्हणाली. "म्या कोंडाआईला इचारलं, तर ती म्हनली, तुझा बा सात जनावरं पाळाया घेतोय, त्यालाच माग."

म्हणजे कट दोघींचा होता. मी पाहुण्यांसमोर हसलो. काय करणार? सोनीनं कुंकवाचं ताट घेतलं, पुढं शेळ्या, मागं कोंडाबाई आणि गावातली धडधाकट होती तेवढी पोरं. दारोदारी जाऊन तिनं शेळी बांधली, शेळीच्या कपाळाला कुंकू लावलं. आतल्या आजाऱ्यालाही लावलं. पाटील कौतुकानं बघत होते. दलाल पिठलं खात होते.

त्या दिवसापासून भोरच्या बाजारात माझं नाव पडलं, पिठल्याचा आप्पा. अजून आहे. मी भाव सांगितला की पलीकडून कुणी तरी म्हणतं, "आन् संगं पिठलं किती?" आता ते दलालही नाहीत आणि संस्थानही नाही, पण नाव आहे.

कारकुनानं दोन घास खाल्ले आणि पत्रावळ सारली. "मला बोकड सांगितला होता," म्हणाला. मी म्हटलं, रात्री कोंबडी कापतो, राहा. पण तो चिडला होता. गावापुरत्या मूठभर गोळ्या त्यानं पाटलांच्या हातात मोजून ठेवल्या. "वरच्या वाडीचं पुढच्या फेरीला बघू," म्हणाला आणि डबा काखोटीला मारून दलालांच्या गाडीत बसून गेला.

मी दोन दिवस धुमसत होतो. तिसऱ्या दिवशी भांडायला म्हणून निघालो. कोंडाबाई गेनूच्या खोपटात सापडली. गेनूची बायको तापात बरळत होती. कोंडाबाईनं बाळ मांडीवर आडवं घेतलं होतं आणि पांढऱ्या शेळीचं आचळ त्याच्या तोंडात द्यायची खटपट चालली होती. शेळी पाय झाडत होती.

"ऐक कोंडाबाई, मला जाब पाहिजे," मी दारातूनच सुरू केलं.

"आदी हिचं मागलं पाय धर."

"मी भांडायला आलोय."

"पाय धरून भांड की. तोंड कुनी बांदलंय?"

मी बसलो आणि शेळीचे पाय धरले. बाळानं दोनदा तोंड फिरवलं, मग आचळ धरलं आणि असं प्यायला लागलं की घुटक्यांचा आवाज येत होता. शेळीही गप्प झाली. त्या आवाजापुढं भांडता येईना. शेळीचे पाय धरूनच मी म्हणालो, "मी भंडाऱ्यावर खोटं बोललो, हे तुला ठाऊक होतं?"

"आठ वर्सं ठावं हाय. किकवीला तुझा भाऊ न्हाई."

"मग दर वेळी जनावर का दिलंस? तोही कमी भावात?"

"कवा तरी एकदा खरं हुईल म्हनून," ती म्हणाली आणि बाळाची मान सरळ केली.

मी तिला या शेळ्यांचा रास्त भाव देऊ केला. तिनं घेतला नाही. सौदा झाला होता, म्हणाली.

पुढचे तीन आठवडे ती रोज सकाळी वाडीवरून उतरायची आणि सोनीला घेऊन घरोघर धारा काढायची. ज्यांच्या पोटात भाकर ठरत नव्हती त्यांना दूध, ज्यांना ताप भरलेला त्यांना पाटलांकडची गोळी गुळात घालून. कुणाला अर्धी, कुणाला एक. आठवं घर कोणतं ते मी विचारलं नाही. ती स्वतःची शेळी तिथं आणून बांधून गेली होती. गेनूची बायको उठली. सीताआजी उठली. त्या आठ घरांतलं एकही माणूस गेलं नाही. एवढं मी कबूल करतो, कारण माझी तक्रार त्याबद्दल नाही.

एके दिवशी दुपारी मी ओट्यावर बसलो होतो. कोंडाबाई आली आणि माझ्या पायरीवर उन्हात टेकली. घोंगडी गळ्यापर्यंत ओढलेली आणि दात वाजत होते. मी उठून कपाळाला हात लावला, चटका बसला.

"कधीपासून?"

"झालं चार दीस. एक दिसाआड येतंय."

"गोळी?"

"खाली सरल्या. वाडीत तर कुनी आनल्याच न्हाईत. वर चौघं पडलीत."

माझा संताप झाला. "सगळ्या गावाला वाटल्यास आणि स्वतःला एक ठेवता आली नाही? चल, आत्ता गाडी जुंपतो. भोरला दवाखान्यात नेतो."

"माझी जनावरं?"

"मी माणूस लावतो."

"त्येला खोडी ठाव्या न्हाईत एकेकीच्या. दोन दीस दे. जनावरं कुनाच्या तरी हवाली करते, मंग चल म्हन तिथं येते."

"आजच."

"दोन दीस, आप्पा." तिनं घोंगडीतून हात काढला आणि माझी बोटं धरली. हात नुसता निखारा होता, पण पकड तीच. मी आयुष्यभर भाव केले. कुठं अडून बसायचं आणि कुठं सोडायचं हे मला कळतं, असं सगळे म्हणतात. मी म्हणालो, "बरं. दोन दिवस."

ती उठली. सोनी शेतावर गेली होती, तिची भेट झाली नाही. मी ओट्यावरून बघत राहिलो. ती उताराच्या प्रत्येक वळणावर बसायची, पुन्हा उठायची. मोठ्या आंब्यापाशी बराच वेळ बसली. तिच्या मागं एक काळी शेळी होती, ती पाला ओरबाडत थांबायची. मग दोघीही झाडीत गेल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी जुंपली. वाडीवरून माणूस आला, म्हणाला, बैल सोडा.

कोंडाबाईचा हिशोब मला लागत नाही. बोकड आणले असते तर मुक्काम झाला असता, मुक्काम झाला असता तर डबा वर चढला असता. मग खालची आठ घरं उठली असती का? मी पाळायला म्हणालो नसतो तर? मी दोन दिवस दिले नसते तर? माझ्या वाटणीचा जबाब मी देतोय, हे लिहितोय तो तोच. कोंडाबाईनं तिच्या वाटणीचा केव्हाच दिला.

पण एक माणूस उरतो. तो कारकून हयात आहे. पेन्शन खातो, नातवंडांत बसतो असं ऐकतो. मी त्याच्या दारात दोनदा गेलो, दोन्ही वेळा तो झोपला आहे असं सांगण्यात आलं. त्यानं उठावं. त्या पंचमीला त्याच्या डब्यात गोळ्या होत्या की नव्हत्या, आणि होत्या तर त्या वर न्यायला त्याला बोकडाचं मटण कशाला लागत होतं, एवढं त्यानं मला समोर बसून सांगावं.